बॅकलॉग : वऱ्हाडचा राहिलेला पेपर

‘किती बॅक आहेत गं तुझे?’

आपल्या हॉस्टेलमध्ये नव्या मुलीची चौकशी नावागावापासून सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला इथे येऊन पोहोचते. बॅकलॉग म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. राहिलेला पेपर! पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं, बरोबरच्या मुली पुढे गेलेल्या असतात, आणि आपण नवीन अभ्यास सांभाळून मागचाही काढायच्या मागे असतो. राहिला की राहतच जातो, हा अनुभव तर अनेकांचा!

पण याच शब्दाचं मराठी रूप माझ्यासमोर आलं तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे दिवस. मेसमधल्या टीव्हीवर एक नेते तावातावाने ‘विदर्भाचा अनुशेष’ म्हणत होते. मी कॉन्व्हेंटची. मला वाटलं, हा शेषनागाच्या घराण्यातला कोणीतरी असावा. रूममेटला विचारलं तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, “अवं बह्याडे, अनुशेष म्हंजे बॅकलॉग! आपल्या पुऱ्या वऱ्हाडालेच बॅक लागेल हाय.”

मग टेबलावर जी चर्चा पेटली ती तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. ‘सगळे सारखेच चोर.’ ‘मत देऊन काय होते?’ ‘आपले नेतेच लेचेपेचे.’ ‘वेगळा विदर्भ झाला की सगळं ठीक होईल.’ ‘हो, मग हेच लोक मंत्री होतील!’ शेवटी एकीने निकाल दिला, ‘डिग्री घ्यायची अन् पुण्याला जायचं, इथं काही होत नाही.’ तेवढ्यात मेसच्या मावशींनी ताटं उचलायला लावली आणि चर्चा संपली.

त्या रात्री माझ्या मनात एकच प्रश्न राहिला. एवढी चीड आहे, ती खरीही आहे. मग तिचं काहीच का होत नाही? पुढे सुट्टीत आणि लायब्ररीत जे वाचलं, ते इथे जमेल तसं मांडते. माझ्या मराठीला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

भीती कसली?

असुरक्षितता म्हटलं की आपल्याला दंगल, संचारबंदी, बंदूक आठवते. माझ्या रूममेटच्या घरची असुरक्षितता वेगळी आहे. ती पूर्णाकाठच्या गावातली. हॉस्टेलवर आली त्या दिवशी नळाचं पाणी पिऊन म्हणाली, “तुमच्या इथलं पाणी लय गोड हाय वं!” मला वाटलं हिने साखर टाकली की काय! मग कळलं की तिच्या गावात ‘गोड पाणी’ म्हणजे पिता येईल असं पाणी. विहीर आहे, बोअर आहे, पण पाणी खारं. ते ना पिण्याच्या कामाचं, ना पिकाच्या.

यालाच खारपाणपट्टा म्हणतात. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत तो पसरला आहे. गावं ८९४, आणि क्षेत्र सुमारे ४.७ लाख हेक्टर. इथली काळी माती चिकण, पाण्याचा निचरा कमी, आणि खालच्या पाण्यात क्षार. हे पाणी सतत दिलं तर जमीनच कडक होऊन बिघडते. म्हणजे इतर भागातला शेतकरी पाऊस दडी मारून बसला की विहिरीवर मोटर चालू करतो, तो उपायही इथे नाही. आभाळातून पडेल तेवढंच पाणी. कापूस, तूर, सोयाबीन, मूग, सगळा कारभार एका पावसावर.

जूनच्या शेवटी रूममेट रोज घरी फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला, “पेरलं का?” जुलैत दुसरा, “निंगालं का?” एका वर्षी दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा तिच्या फीचा दुसरा हप्ता कापूस विकला जाईपर्यंत थांबला होता. ती काही बोलली नाही, पण महिनाभर मेसला न जाता खोलीतच चिवडा खाऊन राहायची. हे मला फार उशिरा कळलं.

अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद २००१ पासून ठेवली जाते, आणि या पाच जिल्ह्यांत आजवर ती वीस हजारांच्या वर गेली आहे. या नोंदीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे रकाने असतात. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये मदत. माणूस गेल्यावर तो पात्र होता की अपात्र हे ठरवणारा रकाना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पान उलटून ठेवलं.

शब्द दिला होता!

वऱ्हाडावर असा अन्याय होईल अशी भीती कोणालाच नव्हती का? होती, आणि ती लेखी होती! गंमत म्हणजे पहिला कागद अकोल्याचाच आहे.

८ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला एक आठवडा बाकी. अकोल्यात शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी आणि दोन्ही बाजूंचे इतर नेते बसले आणि ‘अकोला करार’ झाला. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा असावा, असा त्याचा आशय. एकत्र राज्य जमलं नाही तर महाविदर्भ वेगळा व्हावा, हेही त्यात होतं.

नंतर २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचं, हे त्यातलंच. आपल्याला तेवढंच माहीत असतं, कारण डिसेंबर आला की मोर्चे, हुरडा आणि संत्र्यांच्या बातम्या येतात. पण याच करारात आणखीही आहे. सरकारी खर्च, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणातले प्रवेश, या तिन्हींत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे हा कागद आपल्या अॅडमिशनशीही संबंधित आहे!

१९५५ मध्ये फाजल अली आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १९५६ मध्ये राज्यघटनेत कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, पैशांचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या पुरेशा संधी, याची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय त्यात केली गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि ती विकास मंडळं कधी झाली? १९९४ मध्ये! ३८ वर्षांनी. एवढे दिवस सबमिशन लांबवलं असतं तर आपल्याला कॉलेजने ठेवलं असतं का?

बॅकलॉग मोजतात कसा?

करार झाले तरी ‘अन्याय झाला, अन्याय झाला’ ही ओरडच होती. ती पहिल्यांदा आकड्यांत मांडली प्रा. वि. म. दांडेकर समितीने. समिती १९८३ मध्ये नेमली, अहवाल १९८४ मध्ये आला.

पद्धत सोपी आहे. समजा वर्गाची सरासरी ६.५ आहे आणि तुमचे ५. तर तुमचा अनुशेष १.५. समितीने रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीज असं एकेक क्षेत्र घेतलं, राज्याची सरासरी काढली आणि ज्या जिल्ह्याला जेवढं कमी तेवढा त्याचा अनुशेष धरला. मग ते भरून काढायला किती पैसे लागतील ते मांडलं. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी. त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के.

पुढे दुसऱ्या समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजलं. आता एकूण अनुशेष सुमारे १४ हजार कोटी, आणि विदर्भाचा ६,६०० कोटींच्या वर, म्हणजे जवळपास ४७ टक्के! दहा वर्षांत विदर्भाचा वाटा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कारण उघड आहे. आपण मागचा पेपर काढत असताना वर्ग थांबत नाही. सरासरीही पुढे सरकत राहते.

यात आणखी एक मेख आहे. अनुशेष दोन प्रकारचा, आर्थिक आणि भौतिक. आर्थिक म्हणजे किती पैसे द्यायचे राहिले. भौतिक म्हणजे प्रत्यक्ष किती शेतात पाणी पोहोचायचं राहिलं. सिंचनाचा आर्थिक अनुशेष पुढे कागदावर भरला गेला. पण भौतिक अनुशेष उरला, आणि तो कुठे उरला? अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत. २०१० च्या सुमारासही तो दोन लाख हेक्टरांच्या वर होता. आपल्या भाषेत सांगायचं तर परीक्षेची फी भरली, पावतीही मिळाली, पेपर मात्र सुटला नाही.

पैसे गेले कुठे?

३० जून २००६ ला पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात २,१७७ कोटी सिंचनाचे. मी तेव्हा पाळण्यात होते. म्हणजे हे पॅकेज माझ्याच वयाचं! मी तिसऱ्या वर्षाला पोहोचले. धरणांचं काय झालं?

त्यासाठी एक शब्द शिकावा लागेल. सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. प्रकल्पाची किंमत वाढली की नवी मान्यता घेतात, ती सुप्रमा. किंमत वाढायला खरी कारणंही असतात. भूसंपादन रखडतं, पुनर्वसन राहतं, वनखात्याची परवानगी मिळत नाही, सिमेंट-लोखंड महागतं. पण विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांतच ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, तेव्हा सगळ्या राज्याचे डोळे विस्फारले. २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, माधवराव चितळे समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला, कोर्टात याचिका झाल्या. कागद वाढले. पाटचारीत पाणी मात्र त्या वेगाने वाढलं नाही.

बुलढाणा जिल्ह्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प बघा. सुरुवातीची किंमत ३९४ कोटी. नंतर ती १३ हजार कोटींच्या पुढे गेली. खारपाणपट्ट्याला गोडं पाणी द्यायचं तर पूर्णेवरचे असे प्रकल्प आणि बॅरेजेस हाच मोठा आधार आहे. उशीर झाला की नुसती किंमत वाढत नाही. तिकडे एक पिढी खारं पाणी पिऊन म्हातारी होते.

आणि धरण झालं तरी पाणी कोणाचं, हा प्रश्न राहतोच. मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण आपल्याला पिकनिकमुळे माहीत. त्यातलं ८७.६ दलघमी पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झालं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. पण २००३ च्या राज्य जलनीतीत पाण्याच्या क्रमवारीत उद्योग शेतीच्या आधी ठेवला होता. तो क्रम बदलायला २०११ उजाडलं. जलनीती आली त्या दिवशी आपल्यापैकी किती घरांत ती कोणी वाचली असेल?

राग आहे, पण कोणावर?

इथे मला मेसमधली वाक्यं पुन्हा आठवली. ‘आपला माणूस वर बसला पाहिजे.’ मुख्यमंत्री वसंतराव नाईक आपल्याच विभागातले, पुसदचे. १९६३ ते १९७५, एवढी वर्षं ते मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईकही पुसदचेच. त्याआधी मा. सां. कन्नमवार विदर्भाचेच, आणि पुढे देवेंद्र फडणवीसही विदर्भाचेच. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख तर देशाचे कृषिमंत्री होते. यांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. पण ‘आपला माणूस’ असला की अनुशेष आपोआप भरतो, हे गणित काही जुळत नाही.

मग काय जुळतं? अकोल्याचंच एक उदाहरण आहे. १९६७ मध्ये कृषी विद्यापीठ विदर्भात व्हावं म्हणून आंदोलन पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर आले. ऑगस्टमध्ये अकोल्यात गोळीबार झाला, माणसं गेली. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात कृषी विद्यापीठ उभं राहिलं, तेच आजचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. जीव जाऊन मिळालं, याचं वाईट वाटतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मागणी एकच होती, स्पष्ट होती, आणि पूर्ण झाली की नाही हे कोणालाही डोळ्यांनी बघता येत होतं.

अशी चीड काही आपल्याकडेच नाही. २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या केनियात आपल्याच वयाची मुलं सरकारच्या नव्या करांविरुद्ध उठली. त्यांचेही शब्द आपल्या मेसमधलेच. नेते ऐकत नाहीत, नोकऱ्या नाहीत, उद्याची खात्री नाही. पण त्यांनी एक वेगळं काम केलं. सरकारचं वित्त विधेयक उघडून कलमं वाचली आणि आपापल्या भाषेत एकमेकांना समजावून सांगितली. २५ जूनला जमाव नैरोबीच्या संसदेत घुसला, गोळीबारात मुलं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. संसदेत घुसणं मला पटत नाही. पण कर कोणत्या कलमाने लागणार हे त्या मुलांना माहीत होतं. आपल्याला ३७१(२) माहीत नव्हतं. निदान मला तरी नव्हतं.

म्हणूनच ३० एप्रिल २०२० ला आपल्या विकास मंडळांची मुदत संपली तेव्हा फारसा आवाज झाला नाही. कोरोनाचे दिवस होते हे खरं. २०२२ मध्ये मंडळं पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पण ती लगेच उभी राहिली नाहीत. मोजणारा माणूसच उठून गेला आणि वर्गाला पत्ता नाही, असा तो प्रकार!

आता आपली पाळी

नेत्यांना नावं ठेवून झाली. आता थोडं आपल्याकडे. भौतिक अनुशेष का भरत नाही याच्या कारणांत पैसे, भूसंपादन आणि परवानग्या येतातच, पण आणखी एक कारण पुन्हा पुन्हा येतं. विदर्भात अभियंत्यांची रिकामी पदं! नेमणूक झाली तरी इकडे यायला लोक तयार नसतात, आलेले बदली करून घेतात. हे वाचून मला जरा चोरट्यासारखं झालं. ‘डिग्री घ्यायची अन् पुण्याला जायचं’ हे वाक्य मेसमध्ये ऐकून मीही मान हलवली होती.

सगळ्यांनी इथेच राहावं असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आपण जिथे जाऊ तिथून एक गोष्ट करता येते. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘आमच्यावर अन्याय का?’ असं विचारायचं नाही. विचारायचं ते असं : प्रकल्पाची मूळ किंमत किती आणि पहिली मान्यता कधीची? सुप्रमा किती झाल्या, प्रत्येकीची रक्कम किती? लाभक्षेत्र किती हेक्टर, आजपर्यंत प्रत्यक्ष सिंचन निर्मिती किती? भूसंपादन किती बाकी? अभियंत्यांची पदं मंजूर किती, भरलेली किती? इंजिनिअरला यापेक्षा सोपं काय असेल? हे तर आपलं व्हायव्हाचं फॉरमॅट आहे!

आम्ही दोघींनी तिच्या गावाकडच्या एका कामाबद्दल असा अर्ज केला. पहिलं उत्तर आलं अठ्ठाविसाव्या दिवशी, एका ओळीचं : ‘काम प्रगतीपथावर आहे.’ मी वैतागून कागद टेबलावर आपटला. रूममेटने तो उचलला, घडी सरळ केली आणि म्हणाली, “थांब वं. प्रगती म्हंजे किती टक्के, थे इचारू.” अपील केलं. दुसऱ्या वेळी दोन पानं आली. खोदाई किती, भूसंपादन किती बाकी, पदं किती रिकामी. आकडे चांगले नव्हते. पण आकडे होते.

ती दोन पानं तिने दिवाळीत गावी नेली. ग्रामपंचायतीत वाचून दाखवली. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हीच पानं दाखवायची आणि ‘बाकी’चा रकाना कधी भरणार ते तारखेसह लिहून घ्यायचं, असं तिथल्या लोकांनी ठरवलं आहे. लिहून देतील की नाही, माहीत नाही. निदान भाषण करून निघून जाणं जरा अवघड होईल.

ती सिव्हिलची आहे. जलसंपदा विभागाच्या भरतीचा अभ्यास करते. मी तिला चिडवलं, “लागलीस तर पहिली बदली पुण्याला मागशील!” ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “मले इकडंच पाह्यजे. तिकडं पानी हाये न.”

मित्रमैत्रिणींनो, राहिलेला पेपर रडून सुटत नाही आणि मास्तरांना शिव्या देऊनही सुटत नाही. आधी मार्कशीट हातात घ्यावी लागते. किती राहिले, कशात राहिले, हे बघावं लागतं. मग बसावं लागतं. आपल्या हॉस्टेलमध्ये ज्या ज्या तालुक्यातली मुलं आहेत, त्या प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका अपुऱ्या प्रकल्पाचा एक अर्ज केला, तर पुढच्या अंकात मी एकटीने लिहायची गरज उरणार नाही. अर्जाचा नमुना आमच्या खोलीच्या दाराला लावलेला आहे. कोर्ट फी स्टॅम्प मात्र आपापला आणावा!